चांदी डाव्यात जाते

हॅर्नेसांद, १२ मार्च २०२३

प्रिय फोल्के,

पाच वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं समजून खुर्चीत बसला असशील तर ऊठ. कोणी गेलेलं नाही. जायला उरलंय तरी कोण? तू आणि मी, आणि आपल्यापैकी कोणी गेलं तर दुसऱ्याला पत्र कोण लिहिणार?

काम आहे. माझ्या मुलाची, आंतेरोची मुलगी तूवा जूनमध्ये लग्न करतेय. अकरा वर्षं त्या मुलाबरोबर राहिली, त्याच्याबरोबर स्वयंपाकघर बांधलं, कुत्रा पाळला, आणि आता म्हणते, चर्चमध्ये लग्न हवं, सगळं जुन्या रीतीने. म्हणजे बापाने दिलेलं चांदीचं नाणं डाव्या बुटात आणि आईने दिलेलं सोन्याचं उजव्यात. सोन्याचं तिची आई बघेल. चांदीचं आपल्या घरातलं तुला माहीत आहेच, १९०७चं दोन क्रोनरचं, राजाराणीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेलं. माझ्या आईने बुटात घातलं, मग मी घातलं, मग माझ्या लेकीने, पिर्योने.

फक्त त्या राजाराणीची तोंडं आता दिसत नाहीत. पिर्योने तिच्या वेळी बुटात घसरू नये म्हणून गालिच्याची दुतर्फी चिकटपट्टी लावली होती. तीस वर्षांत तिचा डिंक तपकिरी झालाय, त्यात धूळ बसलीय, आणि मागच्या बाजूला माझ्या बुटाचं कातडंही चिकटून आलंय. आंतेरो म्हणाला, टूथपेस्टने घासून टाकतो. तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला, म्हणून त्याच्या हातून नाणं काढून घेतलं.

तू एकतीस वर्षं संग्रहालयाच्या तळघरात नाणी धूत होतास. सांग कसं करायचं ते. नाणं टपालाने पाठवणार नाही. टपाल आता एक दिवसाआड येतं, आणि जे येतं ते शेजारच्या ग्रान्बेरीबाईंचं असतं. बाबांची ही एकच वस्तू माझ्याकडे आहे. तेव्हा काम मी करीन आणि अक्कल तू पाठव.

तुझी मामेबहीण,
सिगब्रित


लुंड, १९ मार्च

प्रिय सिगब्रित,

आधी एक दुरुस्ती. मी नाणी 'धूत' नव्हतो. धुतात ती भांडी. मी नाण्यांचं जतन करत होतो. तुझ्या आंतेरोला माझा निरोप दे की टूथपेस्ट दातांसाठी असते आणि दात पुन्हा बसवता येतात. सोडा, व्हिनेगर, सुरीचं टोक, भांड्यांचा काथ्या, चांदी चमकवायचं दुकानातलं पाणी, यांतलं काहीही त्या नाण्याच्या वाऱ्यालाही उभं करू नकोस. चांदीवर जो काळसर रंग चढलाय तो मळ नव्हे. ते वय आहे. तुझ्या-माझ्या तोंडावरचं कोणी घासून काढत नाही, तिचंही काढायचं नाही. आपल्याला फक्त डिंक घालवायचाय.

नियम असा की सौम्य औषधापासून सुरुवात. टेबलावर जाड टॉवेल अंथर, नाणं कडेने धर, तोंडावर बोट लावू नकोस. पहिल्या दिवशी गाळीव, कोमट पाण्यात ठेव. काही डिंक पाण्यालाच भितात. तुझा भिणार नाही, पण धूळ सुटेल. मग रंगाच्या दुकानातून व्हाइट स्पिरिट आण, रंगारी ब्रश धुतात ते. काचेच्या बरणीत नाणं बुडव, झाकण लाव, दोन दिवस विसरून जा. चिकटपट्टीचा डिंक त्यात मऊ होतो आणि आपणहून सुटतो. सुटला नाही तर आणखी दोन दिवस. ओरबाडायचं नाही. घाई हा आमच्या धंद्यातला एकमेव गुन्हा.

एवढ्यावर जे उरेल त्याला ॲसिटोन. शुद्ध हवं. नखांचा रंग काढायच्या बाटलीत सुगंध आणि तेल असतं, ते चालणार नाही. तेही काचेतच ठेव, प्लास्टिक विरघळतं. हातमोजे घाल, खिडकी उघड, आणि तुझी ती सिगारेट अंगणात ओढ, नाहीतर लग्नाआधी तुझ्या दफनाचं जेवण व्हायचं. आधी एखाद्या फालतू नाण्यावर करून बघ. शेवटी बाहेर काढल्यावर पुसायचं नाही. टिपायचं. पुसलं की सूक्ष्म रेघा पडतात आणि त्या जन्मभर राहतात.

आणि खरं सांग, कातड्यासकट चिकटलंय म्हणजे त्याखाली चिकटपट्टीच्या आधीचा काही तरी सरस असणार. कुठल्या गाढवाने लावला होता कोण जाणे.

तुझा
फोल्के


हॅर्नेसांद, २ एप्रिल

प्रिय फोल्के,

तुझं पत्र फ्रिजवर लावलंय. आंतेरो ते वाचून म्हणाला, "हे फोल्केमामा लग्नात भाषण करणार नाहीत ना?"

तू सांगितलंस तसंच केलं. आधी पन्नास ओरेच्या एका नाण्यावर डिंक लावून तालीम केली. मग आपलं नाणं पाण्यात ठेवलं, मग स्पिरिटमध्ये. दोन दिवस विसरायचं म्हणालास. विसरणं या वयात मला चांगलं जमतं, पण नेमकं हेच विसरता येईना. उठले की आधी बरणी बघायची, मग कॉफी ठेवायची. तिसऱ्या दिवशी डिंक सायीसारखा सुटून वर आला. मी बोट लावलं नाही, चिमट्याने उचलला. मागचं कातडंही अर्धं सुटलंय.

आणि आता ऐक. पुढच्या बाजूला, राजाराणीच्या तोंडांवर, त्या डिंकाखाली आणखी एक थर आहे. पातळ, पिवळा, काचेसारखा कडक. स्पिरिटने त्याला काहीही झालेलं नाही. आणि त्यात अंगठ्याचा ठसा आहे. अख्खा. भिंगातून पाहिला, भोवऱ्यासारख्या रेषा, एकूण एक स्पष्ट. राणीच्या गालापासून राजाच्या दाढीपर्यंत.

हे माझ्या लग्नाचं आहे, फोल्के. माझं नाणं बुटात चिकटलेलं ते सत्तावीस वर्षं तसंच होतं. पिर्योने उपटून काढलं आणि लगेच त्यावर तिची पट्टी मारली. मी वरून कधी पाहिलंच नव्हतं.

आज लिहवत नाही. हे काय आहे ते तेवढं सांग.

सिगब्रित


लुंड, ८ एप्रिल

प्रिय सिगब्रित,

तो सेल्युलोजचा सरस आहे. जुना झाला की पिवळा पडतो, तडकतो, आणि धातूला खातो. ठेवू नये. ॲसिटोनमध्ये पाच मिनिटांत जाईल. हे पत्र मिळाल्या दिवशीच टाक. तालीम वगैरे झालेलीच आहे, आता थांबण्यात अर्थ नाही. ठसा कोणाचाही असेल. दुकानदाराचा, चांभाराचा.

इकडे चेरीला फुलं आलीत. गुडघ्याचं ऑपरेशन जूनवर गेलंय, त्यामुळे लग्नाला येणं जमेलसं दिसत नाही.

फोल्के


हॅर्नेसांद, १७ एप्रिल

प्रिय फोल्के,

मार्चमध्ये घाई हा तुमच्या धंद्यातला एकमेव गुन्हा होता. एप्रिलमध्ये "आजच टाक". गुडघा दुखला की माणसाची तत्त्वंही लंगडतात का?

चांभाराचा कसा असेल? तू त्या घरातच होतास, तुला सांगायला नको. पण सांगते, कारण कोणाला तरी सांगायचंय. मे १९६६. मी एका फिनलंडच्या माणसाशी लग्न करतेय म्हणून बाबा जानेवारीपासून माझ्याशी बोलत नव्हते. "फिन्नी दारू पितात आणि चाकू काढतात." रेइयोने जन्मात चाकू काढला तो लोणी लावायला. लग्नाच्या सकाळी बाबांनी कामाचे कपडे घातले आणि किनाऱ्यावर होडीला डांबर लावायला निघून गेले. चर्चच्या वाटेवरून मला ते दिसत होते, पाठमोरे. त्याच नोव्हेंबरात ते गेले. मध्ये आम्ही एक शब्द बोललो नाही.

पण त्या सकाळी तू जिन्यावर माझे बूट आणून ठेवलेस. डाव्यात नाणं होतं, घट्ट चिकटवलेलं. मी विचारलं, "हे कोणी?" तू म्हणालास, "मामांनी." बास. मी त्या एका नाण्यावर सत्तावन्न वर्षं काढलीत. रेइयोशी भांडले की मनात म्हणायचे, बाबा बोलले नाहीत तरी त्यांनी नाणं दिलं. त्या सकाळी सगळ्या घराला नाशपतीचा वास येत होता, तोही आठवतो. मला वाटलं, तूराआत्याने काही गोड केलंय.

आता तो ठसा. बाबांचा उजवा अंगठा करवतगिरणीत अर्धा गेला होता, हे मी विसरलेले नाही. म्हणजे हा डावा. उजव्या हाताने बूट धरला आणि डाव्याने दाबलं. मी स्वयंपाकघरात बूट घेऊन करून पाहिलं, सहज जमतं.

तेव्हा ॲसिटोन नाही. कातड्याची बाजू साफ करीन, ही बाजू अशीच राहील. तूवा पणजोबांचा अंगठा पायाखाली घेऊन चर्चमध्ये जाईल. जेवणाच्या वेळी मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. आंतेरो ठशाचा फोटो मोठा करून घेतोय, जेवणाच्या कार्डावर छापायला. तू फक्त एवढं लिही की तो सरस आणखी तडकू नये म्हणून काय करू.

तुझी
सिगब्रित


लुंड, २४ एप्रिल

प्रिय सिगब्रित,

कार्ड छापू नकोस. आंतेरोला आज फोन कर आणि थांबव, मग पुढचं वाच.

तो अंगठा माझा आहे.

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि पोटमाळ्यावर विमानांच्या प्रतिकृती बनवायचो. तो सरस त्यांचा. नाशपतीचा वास त्याचाच, आई दिवसभर विचारत होती की गोड कोणी लपवलंय. गाढव कोण ते आता तुला कळलं. मार्चमध्ये लिहिताना माझ्या डोक्यात चिकटपट्टीच होती. तुझं "पिवळा, काचेसारखा" वाचलं आणि जेवण तसंच राहिलं.

मामांनी मला नाणं दिलं नव्हतं. ते उंच घड्याळाच्या पेटीत, लोलकाच्या मागे असायचं. मी पहाटे काढलं. बिनानाण्याची नवरी मला बघवेना. तुझी आई नव्हती, म्हणजे सोन्याचं येणारच नव्हतं. चांदीचंही नसतं तर तू दोन्ही पाय रिकामे घेऊन गेली असतीस. मी बूट घेतला, सरस लावला, नाणं दाबून बसलो. तेवढ्यात मामा कामाचे कपडे घालून खाली आले.

मी चोर. हातात बूट, टेबलावर नळी, घड्याळाची पेटी उघडी. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता कानाखाली बसते. ते म्हणाले, "डाव्यात. चांदी डाव्यात जाते."

मी उजवा बूट घेतला होता, सिगब्रित. घाबरून मी नाणं उपटलं, सरस सगळ्या बोटांना लागला, आणि डाव्यात बसवून वरून अंगठ्याने दाबलं. ठसा तेव्हाचा. ते दारात उभे राहून बघत होते. बसलं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने घड्याळाची पेटी लावली आणि होडीकडे गेले.

एवढंच. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, शुभेच्छा दिल्या नाहीत. मी जिन्यावर "मामांनी" म्हणालो ते खोटं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, पुढे कधी वाटलं, कधी नाही. तू दर नाताळात ती गोष्ट सांगायचीस तेव्हा मी अंगणात बर्फ काढायला जायचो. पाच वर्षं लिहिलं नाही याचं कारण टपाल नव्हतं.

फोल्के


हॅर्नेसांद, ३ मे

फोल्के,

कार्डं थांबवली.

अंगठ्याचं खरं मानते. बाकीचं नाही. तुमचा धंदाच तो. मडक्याचा तुकडा गेला की तिथे प्लास्टर भरायचं, रंग लावायचा आणि लांबून कोणाला कळू द्यायचं नाही. "चांदी डाव्यात जाते." भरलंस छान. माझ्या बापाला मी ओळखत होते. त्यांनी पाहिलं असतं तर नाणं काढून घेतलं असतं.

यावर उत्तर नको.

सिगब्रित


हॅर्नेसांद, २० जून

प्रिय फोल्के,

उत्तर नको म्हटलं तर खरंच लिहिलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदाच माझं ऐकलंस, आणि तेही चुकीच्या वेळी. गुडघा कसा आहे? नर्सला शिकवू नकोस.

तीन आठवडे मी ती बरणी कपाटात ठेवून दिली होती. मग एके दिवशी पोटमाळ्यावरून बूट काढले. डावा बघायचा होता असं स्वतःला सांगत होते. डाव्यात भोक आहे, पिर्योने कातड्यासकट नाणं उपटलं तिथलं. मग उजवा हातात घेतला. सत्तावन्न वर्षं मी तो दिवस सांगतेय आणि उजव्या बुटात कधी डोकावले नव्हते. तिथे काय असणार?

तिथे गोल आहे, फोल्के. पिवळा, कडक, नाण्याएवढा. अर्धा ओढून निघालेला. भिंगाने पाहिलं तर कडेचे दातेसुद्धा उठलेत. तू आधी उजव्यातच लावलं होतंस. आणि तुला मी चांगली ओळखते. तुला आजही डावं-उजवं कळत नाही. लुंडमध्ये एकदा मला रेल्वे स्टेशन दाखवायला निघालास आणि स्मशानात नेलंस. आपण होऊन तुला चूक कळली असती तर मी उजव्या पायाने नाणं घेऊन चर्चमध्ये गेले असते. त्या घरात त्या वेळी तुझ्याशिवाय जागं असलेलं माणूस एकच होतं.

मी जिन्यावर बूट घेऊन बराच वेळ बसले. डोळ्यांचं तू सांगितलंस तसं केलं. पुसले नाहीत, टिपले.

मग नाणं ॲसिटोनमध्ये टाकलं. तुझा अंगठा पाच मिनिटांच्या आत गेला, वाईट वाटून घेऊ नकोस. मागचं कातडंही सुटलं. दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये धुतलं, हो, धुतलं, आणि टॉवेलवर ठेवलं. राजाराणी काळसर, शांत, नाकं शाबूत. खिडकीतला उजेड पडला तेव्हा राणी जरा माझ्यावर रागावल्यासारखी दिसली, पण पन्नास वर्षांच्या संसारानंतर सगळ्यांचाच चेहरा तसा होतो. उजव्या बुटातल्या डागाला मात्र हात लावलेला नाही आणि कोणी लावायचाही नाही.

लग्न छान झालं. मी भाषण केलं नाही. हेरिंग मासे खारट होते आणि तूवाच्या कुत्र्याने पाद्रीबाईंच्या झग्याला मिठी मारली. रेइयोच्या बहिणीने सगळ्यांना नाचायला उठवलं, मलासुद्धा.

पण सकाळचं सांगायचंय. आंतेरो आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, सूट घालून, चष्मा कपाळावर, बोटाला चिकटपट्टी. या खेपेला कागदाची, नाण्यावर डिंक न सोडणारी, ते मी बघितलं होतं. तो बूट पुढ्यात घेऊन नाणं बसवायच्या बेतात होता. मी दारात पोचले तर त्याच्या हातात उजवा बूट.

"डाव्यात," मी म्हटलं. "चांदी डाव्यात जाते."

त्याने मान वर न करता बूट बदलला.

मी तिथे उभी होते. मुलाला काही तरी सांगावं असं फार वाटत होतं, तूवाबद्दल, त्याच्या बापाबद्दल, कशाहीबद्दल, आणि त्या चार शब्दांपुढे एकही शब्द निघेना. तेव्हा मी टेबलावरचं सरकलेलं कात्रीचं घर नीट केलं आणि अंगणात गेले.

एवढं बोलून झाल्यावर माणसाला खोलीत थांबता येत नाही, फोल्के. होडी असती तर मीही डांबर लावायला घेतलं असतं.

तुझी
सिगब्रित